किसाबुरोचा खांदा

फेब्रुवारीच्या तेरा तारखेला सकाळी सात वाजता आमच्या गावच्या भोंग्यावरून एक सूचना झाली. "काल दुपारी छपरावरचा बर्फ उतरवताना एक वृद्ध नागरिक पडून जखमी झाले. सुरक्षा दोर न बांधल्यामुळे आणि एकट्याने काम केल्यामुळे हा अपघात घडला. नागरिकांनी निष्काळजीपणा टाळावा." सूचना दोनदा वाचली गेली, गोड आवाजात. दरीतल्या साठ-सत्तर घरांनी ती ऐकली. मीही ऐकली आणि माझ्या हातातली पाण्याची बादली तशीच राहिली.

तो 'वृद्ध नागरिक' म्हणजे ओनोझुका किसाबुरो. वय सहासष्ट. आमच्याकडे सहासष्टचा माणूस वृद्ध नसतो, तो तरणाबांड धरला जातो, कारण त्याच्याहून लहान कोणी गावात उरलेलंच नाही. मी त्याच्याच वर्गातला. माझं नाव गेन्पेई. गावचं गरम पाण्याचं सार्वजनिक न्हाणीघर मी चालवतो, माझ्या आधी माझे वडील चालवायचे. चाळीस वर्षं मी किसाचं अंग उघडं पाहत आलोय. म्हणून सांगतो, त्या सूचनेत निष्काळजीपणाबद्दल जे म्हटलं होतं ते धादांत खोटं होतं.

किसा उन्हाळ्यात भात लावायचा आणि सुतारांच्या हाताखाली जायचा. डिसेंबरपासून मार्चपर्यंत मात्र एकच काम, लोकांच्या छपरांवर चढून बर्फ उतरवायचा. तिशीत होता तेव्हा हिवाळ्यात आमच्या न्हाणीघरात असे अठरा-वीस जण असायचे. दुपारी तीन वाजता ओले, वाफाळलेले, आरडाओरडा करत यायचे. अपघाताच्या वर्षी उरले होते दोघं. किसा आणि तोकुमात्सु. दोघांकडे मिळून चौदा घरं, बहुतेक घरांत एकट्या म्हाताऱ्या.

बाहेरच्या लोकांना वाटतं, बर्फ म्हणजे कापूस. अहो, नुकता पडलेला असतो तो कापूस. दहा दिवस साचून, दबून, वरून थोडा पाऊस खाऊन बसलेला बर्फ म्हणजे ओली माती. साध्या घराच्या छपरावर माणसाच्या कमरेएवढा थर बसला की त्याचं वजन पंचवीस टन होतं. ते पंचवीस टन दोन माणसांनी फावड्याने चौकोनी कापायचे, दांड्याच्या मोठ्या सुपड्यात घ्यायचे, निसरड्या पत्र्यावर पाय रोवून कडेपर्यंत ढकलायचे आणि खाली लोटायचे. खाली पडलेला ढीग छपराला टेकला की मग खालून वर फेकायचे. हे एका घराचं झालं. हिवाळ्यात प्रत्येक घराची पाळी पाच वेळा येते. हिशेब करून बघा, एका माणसाच्या अंगावरून एका हिवाळ्यात पावणेनऊशे टन बर्फ जातो. आणि आमच्या नगर कार्यालयाच्या यादीत या कामाचं नाव काय? 'हिमसेवा'. करणारा 'हिमसेवक'. म्हणजे मजूर नव्हे. सेवक. मजूर म्हटलं की विमा आला, नियम आले. सेवकाला नुसता मान!

त्या सेवेनं किसाचं काय केलं ते मी टप्प्याटप्प्यानं पाहिलं. चाळिशीत मनगटं गेली. उजवं मनगट सुजून सुरणाच्या कंदासारखं व्हायचं. पन्नाशीला कंबर. न्हाणीच्या काठावर बसताना तो आधी दोन्ही हात टेकायचा, मग एक पाय, मग दम खायचा, मग दुसरा. साठीत उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला. दंड बघाल तर पैलवानाचे, पण त्याच हातांना सदऱ्याचं बटण लागत नसे. बोटांची टोकं इतकी फाटलेली की गरम पाण्यात हात घालताना तो दात आवळायचा. जेवणाच्या दोन काड्या सोडून चमच्याने जेवायला लागला तेव्हा त्याची बायको मित्सुए त्याला म्हणाली होती, "अहो, पुढच्या वर्षी भरवायला लागणार वाटतं तुम्हाला."

"भरव की," किसा म्हणाला होता. "लग्नात तेवढंच राहून गेलं होतं."

असा होता. चिडणं त्याला माहीतच नव्हतं. खालच्या गावच्या दवाखान्यात दोनदा खांदा दाखवला, दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे हे." किसा आला आणि आम्हाला हसत सांगू लागला, "बरं झालं, वयाचं निघालं. मला वाटलं बर्फाचं असेल." मी विचारलं, "डाव्या खांद्याचं वय निराळं आहे का रे? तो कसा चांगला?" त्यावर तो एवढंच म्हणाला, "गेन्, तू पाणी तापव."

दर नोव्हेंबरात नगर कार्यालय सभागृहात हिमसेवकांचं शिबिर घेतं. अपघाताआधीच्या शिबिराला मुराकोशी नावाचा तिशीतला अधिकारी आला होता. चांगला मुलगा, शहरातून बदली होऊन आलेला. त्याने भिंतीवर चित्र लावलं. पिवळं शिरस्त्राण घातलेलं हसरं अस्वल, कमरेला दोर. खाली तीन वाक्यं: दोर बांधा. एकटे जाऊ नका. अंगापेक्षा जास्त करू नका.

तोकुमात्सुनं हात वर केला. "दोर कुठे बांधायचा साहेब?"

"योग्य ठिकाणी," मुराकोशी हातातल्या कागदात बघून म्हणाला. "म्हणजे छपराच्या पलीकडच्या बाजूला एखादं झाड किंवा खांब."

"झाड चार मीटर बर्फाखाली असतं तेव्हा?"

"मग... दुसरं योग्य ठिकाण."

सगळे हसले. किसाही हसला. मुराकोशी लाल झाला आणि त्यानं पुढचं पान उलटलं. नव्या घरांच्या छपरावर दोर अडकवायला लोखंडी कड्या बसवतात आणि त्यासाठी सरकारी पैसेही मिळतात. आमच्या दरीत नवं घर बांधून सत्तावीस वर्षं झाली होती. जुन्या घरांसाठी अस्वलाचं चित्र.

मग ते बारा दिवस आले. जानेवारीच्या एकतीस तारखेला जो बर्फ सुरू झाला तो थांबेचना. रोज गुडघाभर. सातव्या दिवशी तोकुमात्सुची कंबर छपरावरच धरली. त्याला शिडीवरून आम्ही चौघांनी फळीवर घालून खाली घेतलं. तो दवाखान्यात गेला आणि चौदा घरं एकट्या किसाच्या गळ्यात पडली. त्यानं कार्यालयात फोन केला, माझ्याच टेबलावरून, म्हणून मला माहीत आहे.

"जोडीला माणूस द्या."

पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. किसा म्हणाला, "यादीत माणूस नाही हे मला माहीत आहे हो. यादीत मीच आहे. म्हणून तर मागतोय." मग बराच वेळ ऐकत राहिला. मग "बरं" म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अंगापेक्षा जास्त करू नका."

अकरा तारखेला न्हाणीत त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. केस डाव्या हातानं धुतले. पाठ मी चोळून दिली. खांद्यावर हात ठेवला तर आत काहीतरी वाळूसारखं करकरलं. मी म्हटलं, "किसा, उद्या घरी बस."

"ताकेनो आजीची दारं सरकत नाहीत कालपासून," तो म्हणाला.

आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. छपरावर भार वाढला की तुळया वाकतात आणि सरकती दारं चौकटीत अडकून बसतात. पुढची पायरी म्हणजे घर बसणं. ताकेनो आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, कमरेत काटकोनात वाकलेल्या, त्या घरात एकट्या. आता तुम्हीच सांगा, किसानं काय करायचं होतं? अस्वलाचं ऐकायचं की आजीच्या दाराचं?

बारा तारखेला सकाळी तो एकटा चढला. शिरस्त्राण होतं. कमरेला दोरही होता, नवा कोरा, कार्यालयानंच दिलेला. त्याचं दुसरं टोक त्यानं स्वतःच्याच कमरेला गुंडाळून ठेवलं होतं, पायात येऊ नये म्हणून.

दुपारी तीनच्या सुमारास न्हाणीघरातला फोन वाजला. ताकेनो आजीचा आवाज. गुरुवारी मी त्यांना आंघोळीला आणतो-सोडतो म्हणून हा नंबर त्यांना पाठ. "गेन्, किसा माझ्या बर्फात आहे," त्या म्हणाल्या. "डोकं दिसतंय. मी उकरतेय, पण माझ्याच्यानं होत नाही. लवकर ये बाबा."

त्या वेळी आत चार म्हातारे होते, सत्तरीच्या पुढचे, गळ्यापर्यंत गरम पाण्यात. मी ओरडलो. त्यांनी अंग पुसलं नाही. ओल्या अंगावर कोट, पायात रबरी बूट, आणि हाती लागेल ते फावडं. जाता जाता त्यांच्या केसांवरच्या पाण्याचा बर्फ झाला. त्यांतल्या एकाला नंतर न्यूमोनिया झाला. त्याची सूचना भोंग्यावरून कधी झाली नाही.

पोहोचलो तर आजी माडीच्या खिडकीतून बाहेर आलेल्या. खालचं दार उघडत नव्हतंच. बर्फावर ओणव्या होऊन त्या भाताच्या भांड्याच्या झाकणानं उकरत होत्या. हातमोजे नव्हते. छपराच्या कडेचा बर्फ किसासकट तुटून घसरला होता आणि मागून अर्ध्या छपराचा थर त्याच्या अंगावर आला होता. हनुवटीपर्यंत गाडला गेला होता. ओठ निळे. आम्हाला बघून म्हणाला, "आजींना आत न्या. गारठतील."

"तू गप्प बस!" आजी म्हणाल्या. "तासभर हेच चाललंय याचं."

त्याला मोकळं करायला पाऊण तास लागला. घसरलेला बर्फ थांबला की दगड होतो. उजवा हात सगळ्यात शेवटी निघाला. घसरताना त्यानं छपराची कड त्या हातानं धरली होती. दोन वर्षांपूर्वीचा खांदा असता तर तगला असता, असं तो नंतर म्हणाला. खांद्यातले स्नायू हाडावरून पुरते फाटले. शिवाय डावा खुबा मोडला. शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मित्सुएला बाहेर बोलावून विचारलं, "हे स्नायू एका दिवसात फाटलेले नाहीत. आधीच झिजून चिंध्या झाल्या होत्या. कसलं काम करतात हे?" पस्तीस वर्षांत त्याला तपासणाऱ्या माणसांपैकी हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती सूचना. मित्सुए घरी येऊन त्याचे कपडे बांधत होती. तिनं बोचकं तिथंच टाकलं आणि बर्फातून चालत नगर कार्यालय गाठलं. मी गाडी काढून मागोमाग गेलो. ती मुराकोशीच्या टेबलापुढे उभी होती. डोक्यावरचा रुमालही काढला नव्हता.

"ते वाक्य कोणी लिहिलं?"

"काकू, आधी बसा ना—"

"बसायला नाही आले. निष्काळजीपणा कोणाचा?"

मुराकोशी उभा राहिला. "काकू, तो ठरलेला मजकूर असतो. अपघात झाला की तीच सूचना जाते. दिवस-वेळ तेवढी बदलते. कोणाला दोष द्यायचा हेतू नव्हता."

"म्हणजे माझा नवरा पडायच्या आधीच त्याची चूक लिहून ठेवली होती होय तुम्ही?"

कार्यालयात सगळे टंकलेखन थांबवून बघत होते. मित्सुए पुढे म्हणाली, "जोडीला माणूस मागितला होता यांनी. फोन कोणी घेतला होता?"

"मीच," मुराकोशी हळूच म्हणाला.

"मग सूचनेत ते पण घाला."

किसाला हे सगळं मी दवाखान्यात सांगितलं. मला वाटलं नेहमीसारखं हसेल. त्यानं तोंड छताकडे केलं. मग म्हणाला, "गेन्, दोन्ही वेळा वाचलं का रे ते?"

"दोन्ही वेळा."

"चौदाही घरांना ऐकू गेलं असेल." त्याचा डावा हात चादर आवळत होता. "त्या सगळ्या म्हाताऱ्यांना वाटलं असेल, किसा बेफिकीर होता." त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच राग पाहिला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी बर्फ ओसरला. किसा चाकांचा वॉकर धरून चालू लागला होता. मुराकोशी अपघाताचा अहवाल पुरा करायला ताकेनो आजींच्या अंगणात आला. हातात फॉर्म. कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय छापलेले होते, 'दोराचा वापर केला नाही' आणि 'दोर चुकीचा बांधला'.

"कशावर खूण करू?" त्यानं विचारलं.

किसानं शिडीकडे बोट दाखवलं. "वर जा. दोर घे. बांधून दाखव. जिथं बांधशील तिथं मी बांधायला हवा होता असं लिही, मी सही करतो."

"आत्ता?"

"आत्ता बर्फ नाही. पत्रा कोरडा आहे. ऊन आहे. याच्याहून सोपं छप्पर तुला मिळायचं नाही."

मित्सुएनं त्याला किसाचे रबरी बूट दिले. मुराकोशी चढला. दोन मजली घराच्या छपराच्या कडेला आल्यावर तो तिथंच ओणवा झाला. हाता-पायांवर रांगत तो छपराच्या मधल्या उंच कण्यापर्यंत गेला, पलीकडे वाकून बघितलं, अलीकडे बघितलं. नुसता गुळगुळीत पत्रा. पलीकडे देवदारांची रांग, घरापासून तीस पावलं दूर. दोर बारा पावलांचा.

"सापडलं का रे योग्य ठिकाण?" खालून ताकेनो आजी ओरडल्या. मान वर होत नसल्यानं त्या जमिनीकडे बघूनच ओरडत होत्या.

तो उतरला तेव्हा त्याच्या पँटचे गुडघे गंजानं लाल झाले होते. तो किसापुढे आला आणि कमरेत खोल वाकला. पुष्कळ वेळ वाकून राहिला. मग फॉर्म गाडीच्या टपावर ठेवून त्यानं दोन्ही पर्याय खोडले आणि हातानं लिहिलं: 'छपरावर दोर बांधण्याची कोणतीही सोय नाही. जोडीदाराची मागणी केली होती, कार्यालयाने पुरवला नाही.' खाली स्वतःचं नाव घातलं.

मला वाटलं जिंकलो. कसलं काय! अहवाल वरच्या कार्यालयात गेला आणि जूनमध्ये उत्तर आलं. कारण मान्य. पण ओनोझुका हे सेवक असल्यामुळे, मजूर नसल्यामुळे, त्यांच्या खांद्याची झीज 'कामामुळे झालेली इजा' या सदरात बसत नाही. ती वयाची. म्हणजे पडणं त्याची चूक नव्हती एवढं मान्य केलं, पण ज्या पस्तीस वर्षांनी त्याला पाडलं त्यांचा कोणी धनीच नाही. चूक सुधारल्याची सूचना भोंग्यावरून करा म्हणून मित्सुए तीनदा जाऊन आली. भोंगा आपत्कालीन सूचनांसाठी आहे, असं तिला सांगण्यात आलं.

नोव्हेंबरात पुन्हा शिबिर भरलं. यादीत नवी पाच माणसं होती, खालच्या गावांतून जमवलेली, सगळी साठीची. मुराकोशीनं किसाला 'अनुभवाचे चार शब्द' बोलायला बोलावलं. त्याच्या साहेबांना ते पसंत नव्हतं म्हणे, पण त्यानं बोलावलं. भिंतीवर तेच अस्वल होतं.

किसा पुढे गेला, काही बोलला नाही. त्यानं मित्सुएला खूण केली. तिनं त्याचा कोट काढला, मग सदरा, मग आतली बंडी. सभागृह थंडगार होतं. सहासष्ट संपून सदुसष्टाव्यात गेलेला माणूस कमरेपर्यंत उघडा उभा राहिला. उजव्या खांद्यावर लांब जांभळा व्रण, त्याखाली स्नायू नाहीसा होऊन पडलेला खड्डा, त्यात लिंबू मावेल असा. हात कापसाच्या पेळूसारखा लोंबत होता. आमच्या न्हाणीत हे सगळ्यांनी पाहिलेलं, पण इथं, दिव्याखाली, कोटातल्या माणसांसमोर, मला खाली बघावंसं वाटलं. नाही बघितलं खाली.

"हात वर करतो," किसा म्हणाला. हात छातीपर्यंत आला आणि थरथरून थांबला. "एवढाच जातो. जवळ या. बघा. लाजू नका."

नवी माणसं उठून जवळ आली. एकानं विचारलं, "दुखतं?"

"रात्री. झोपायची एकच कूस उरलीय." मग तो पहिल्या रांगेतल्या साहेबांकडे वळला. "मी पडलो ते एका दिवसात. पण हे एका दिवसात झालेलं नाही. कड्या बसवल्या तर माणूस पडणार नाही, बरोबर. पण न पडता सुद्धा हेच होतं. याचं चित्र काढा आणि लावा त्या अस्वलाशेजारी. मग ज्याला यायचं तो येईल."

साहेब म्हणाले, "ओनोझुका-सान, थंडी आहे, कपडे घाला."

"घालतोय. पण मला एकट्याला घालता येत नाहीत," किसा म्हणाला. "वेळ लागेल. थांबा."

आणि सगळं सभागृह थांबलं. मित्सुएनं आधी दुखरा हात बाहीत घातला, बोटं एकेक करून बाहेर ओढली, मग मान, मग दुसरा हात. चार-पाच मिनिटं तरी गेली असतील.

त्या संध्याकाळी पाचांपैकी तिघांनी यादीतून नावं काढून घेतली. कार्यालयातल्या काही जणांनी किसाला नावं ठेवली, म्हणाले, यानं माणसं पळवून लावली. मी म्हणतो, पळून गेलेल्या तिघांचे खांदे अजून जागेवर आहेत. मुराकोशीनं हट्ट धरून चौदांपैकी पाच घरांवर कड्या बसवून घेतल्या. मार्चमध्ये त्याची बदली झाली. ताकेनो आजींचं घर त्या पाचांत आहे. कड्या नसलेल्या नऊ घरांवर कोण चढणार असं मी परवा कार्यालयात फोन करून विचारलं, तर पलीकडची नवी मुलगी फार अदबीनं म्हणाली, "चौकशी चालू आहे."

काल दुपारी किसा न्हाणीला आला होता. पाठ मी चोळून दिली. बाहेर यंदाचा बर्फ पोटरीभर पडला होता.